नॉर्वेची ट्रिप, बाबा आणि अठरा बाय अठरा

परवा ताण तोडला. ज्यांच्याकडे संत्रा नाही त्यांच्यासाठी सांगतो, आंबिया बहारासाठी डिसेंबरात झाडाचं पाणी बंद करतो, पानं मलूल पडतात, आणि मग जानेवारीत पाणी सोडलं की झाड फुलावर येतं. शेतीची लाईन, म्हणजे वीज, रात्रीची होती त्यामुळे मी आणि बाबा दोघंही वावरात होतो, मोटर चालू झाली, ड्रीपच्या नळ्यांमधून हवा सूं सूं निघून गेली आणि पहिल्या झाडाखालची माती काळी व्हायला लागली, तेवढ्यात बाबा टॉर्च खाली ठेवून म्हणाले, "मंग, ते नार्वेचं काय ठरलं?"

मी गारच झालो. कारण हा विषय मी दिवाळीत काढला होता तेव्हा ते "पाहू" म्हणून उठून गेले होते. आमच्या घरी "पाहू" म्हणजे नाही. आणि आता तेच विचारून राहिले.

तर ठरलंय. येत्या मे महिन्यात आम्ही पाच जण, आईबाबा, मी, बायको आणि आमची नऊ वर्षांची पोरगी, नॉर्वेला जाणार, तिथे गाडी भाड्याने घेणार आणि मी चालवणार. वरुड तालुक्यातल्या आमच्या गावातून असं कोणी गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही, त्यामुळे विचारायला जवळ कोणी नव्हतं, सगळं वाचून, फोन करून, व्हिडिओ पाहून जमवलंय. म्हणून लिहून ठेवतो, पुढे एखाद्याला कामी पडेल.

आधी नॉर्वेच का. बर्फ, दऱ्या, धबधबे हे सगळं आहेच, पण माझं कारण वेगळं आहे. दोन वर्षांपूर्वी रात्री मोबाईलवर एक फोटो दिसला, निळं पाणी, मागे बर्फाचा डोंगर, आणि मधल्या उतारावर ओळीनं पांढऱ्या फुलांची झाडं. मला वाटलं एडिट केलेला असेल. शोधलं तर ते हार्डांगर निघालं, नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा फ्योर्ड, आणि ती झाडं सफरचंदाची. फ्योर्ड म्हणजे हिमनदीनं कोरलेली दरी, जिच्यात नंतर समुद्र शिरला. हार्डांगरचा फ्योर्ड १७९ किलोमीटर आत जातो आणि काही ठिकाणी ८५० मीटरपेक्षा खोल आहे. आता ६० अंश उत्तर अक्षांशावर फळबाग कशी जगते हा प्रश्न मला पडला, आणि ज्याच्या घरी बाग आहे त्याला तो पडणारच. तर ते समुद्राचं पाणी गोठत नाही, हिवाळाभर ऊब धरून ठेवतं, आणि डोंगर वारा अडवतात. तिथे सफरचंद, चेरी, प्लम पिकतं. सांगतात की तेराव्या शतकात लोफ्टहुस गावाजवळ ख्रिस्ती साधू आले आणि त्यांनी लोकांना फळझाडं लावायला शिकवलं, त्यांनी डोंगरात रचलेल्या ६१६ दगडी पायऱ्या अजून आहेत.

आमच्या वरुड-मोर्शीला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात हे लहानपणापासून ऐकत आलो. पण आमचा भाग डार्क झोन आहे, म्हणजे जमिनीतलं पाणी उपसून फार खाली गेलंय, बोअर किती फूट गेला हे आम्ही पोराच्या मार्कांसारखं एकमेकांना विचारतो. बाबांनी ही बाग एकट्याच्या जीवावर उभी केली, जंबेरीच्या (रानटी लिंबाच्या) खुंटावर बांधलेली कलमं स्वतः निवडून आणली, एका उन्हाळ्यात टँकरनं पाणी घालून झाडं जगवली. ते आता अडुसष्टचे आहेत. त्यांनी शेगाव, पंढरपूर, एकदा काशी, एवढंच पाहिलंय. मला त्यांना दुसऱ्या देशातली बाग दाखवायची आहे, जिच्या डोक्यावर वर्षभर बर्फ असतो आणि जिथे पाणी वरून आपोआप येतं. बस एवढंच कारण आहे, बाकी सगळं त्याच्या मागे.

आता मे का, तर आम्हाला दुसरा पर्यायच नाही. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, तिला लांबची सुट्टी फक्त उन्हाळ्यात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात हे खरं, पण जून लागला की पेरणीची धावपळ, कपाशी, तूर, मी घराबाहेर राहूच शकत नाही. आणि मे महिन्यात आंबियाची फळं लहान असतात, पंचेचाळीसचं ऊन, पाण्याची एक पाळी चुकली की फळगळ. म्हणजे जायला सगळ्यात वाईट महिना तोच आणि जाता येईल असा महिनाही तोच. बरेच दिवस मी इथेच अडकलो होतो.

हे सुटलं आमच्या सालदारामुळे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्यामुळे. चौदा वर्षांपासून तो आमच्याकडे आहे, दर गुढीपाडव्याला साल ठरतं आणि दर वर्षी तोच. त्याला विचारलं तर म्हणाला, "तुमी जा ना दादा, बाबाले दाखवून आना. मी हाव ना." चुलतभाऊ रोज संध्याकाळी एक चक्कर मारणार आहे आणि झाडांच्या बुंध्यांना बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) आम्ही जायच्या आधीच लावून घेणार, कारण पावसाच्या तोंडावर डिंक्या, म्हणजे बुंध्यातून डिंक गळायचा रोग, यायची भीती असते आणि ते काम मी दुसऱ्यावर टाकणार नाही.

आणि मेच बरोबर आहे हे नंतर कळलं, कारण हार्डांगरला सफरचंदाचा फुलोरा साधारण मेच्या मध्यावर आणि त्यानंतर येतो. चेरी पाहायची तर जुलै, सफरचंद तोडायला ऑगस्ट-सप्टेंबर. आम्हाला फळ मिळणार नाही, फूल मिळेल. बाबा म्हणाले, "फूल पाह्यलं का बागवानाले कळते, माल किती येनार हाय ते." झालं.

शिवाय १७ मे हा नॉर्वेचा संविधान दिन, १८१४ साली त्या तारखेला त्यांनी संविधान स्वीकारलं. त्या दिवशी गावोगावी शाळेच्या पोरांची मिरवणूक निघते, मोठी माणसं आपापल्या भागातले पारंपरिक कपडे घालतात. आपल्याकडे २६ जानेवारीला प्रभातफेरी असते ना तसं, फक्त तिथे मुलंच मुख्य. पोरीला हे सांगितल्यापासून ती कागदावर त्यांचा झेंडा काढत बसते. म्हणून तारखा १४ ते २५ मे धरल्या आहेत.

आता गाडीचं. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि माझं मत पूर्ण बदललं.

पहिला प्लॅन मी केला होता तो असा, ऑस्लोला उतरायचं, गायरांगर, ट्रोल्स्टिगेन, अटलांटिक रोड, मग वर उत्तरेच्या लोफोटेन बेटांपर्यंत, मग खाली परत. पुण्याच्या मित्रानं एक्सेल शीट बनवून दिली, बारा दिवसात सगळं, रोज तीनचारशे किलोमीटर. मला वाटलं त्यात काय, समृद्धीवरून नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर एका दिवसात होतं. पण समृद्धीनं आपल्या डोक्यात किलोमीटर म्हणजे वेळ असं गणित बसवून टाकलंय आणि ते तिथे चालत नाही. नॉर्वेत गावाबाहेर साधारण ८० चा वेग, वस्तीत ५०, रस्ता फ्योर्डच्या काठानं वळत जातो, मध्येच पाणी आडवं येतं तिथे फेरीबोट, बोटीची वाट पाहा, पुढे बोगदा, पुढे परत वळणं. ऑस्लोपासून लोफोटेन एकाच बाजूचं हजाराच्या वर किलोमीटर आहे. आणि ट्रोल्स्टिगेन, अकरा हेअरपिन वळणांचा तो फेमस घाट, हिवाळ्यात बंद असतो आणि मे महिन्यात कधी उघडेल हे बर्फावर आहे. त्या भरवशावर म्हाताऱ्या माणसांना घेऊन मी जाणार नाही.

आपला मेळघाटातला परतवाडा, सेमाडोह, धारणी रस्ता ज्यांनी केलाय त्यांना कळेल. नकाशात अंतर एवढंसं दिसतं आणि पोचेपर्यंत अर्धा दिवस. आईला तर घटांगच्या आधीच मळमळ सुरू होते. मग तिला रोज सहा तास गाडीत बसवून मी काय दाखवणार, काचेतून डोंगर?

म्हणून शीट डिलीट केली. आता फक्त हार्डांगर. पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गन शहरात उतरायचं, दोन रात्री तिथेच, गाडी घ्यायची नाही, झोप आणि शरीर ठिकाणावर येऊ द्यायचं. मग गाडी घेऊन नूरहाइमसुंड, तिथे स्टाइन्सदाल्सफॉसेन नावाचा धबधबा आहे ज्याच्या मागून पायवाट जाते, म्हणजे पाण्याच्या पडद्यामागे उभं राहता येतं, आणि गाडी पार्क करतो तिथून जवळ आहे, आईला जमेल. मग काठाकाठानं क्वानदाल, फेरीनं ऊत्ने, परत फेरीनं किन्सार्विक, आणि तिथून थोडं खाली लोफ्टहुस. लोफ्टहुसला सलग सहा रात्री. एकच केबिन, एकच चूल, एकच खिडकी. तिथून जमेल तसं फिरायचं, नाही वाटलं तर बागेतून चालायचं.

पुण्याचा मित्र नाराज झाला, "एवढा खर्च करून एकच जागा?" म्हणाला. त्याचं प्रेम आहे त्यामागे, पण मला तसं वाटत नाही. आपण पाहुणा म्हणून एखाद्या गावाला जातो तेव्हा रोज घर बदलतो का? दुसऱ्या दिवशी दुकानदार ओळखतो, तिसऱ्या दिवशी कुत्रं भुंकायचं थांबतं, तेव्हा कुठे गाव दिसायला लागतं.

लोफ्टहुसहून दोन लांब चकरा नक्की. एक ओड्डाच्या पुढे लोटेफॉसेनला, तिथे दोन धारा एकत्र होऊन १६५ मीटरवरून येतात आणि रस्त्याच्या जुन्या दगडी कमानींच्या पुलाखालून जातात, वायपर लावावा लागतो इतके तुषार उडतात. ट्रोलटुंगा, दरीवर जिभेसारखा बाहेर आलेला तो फेमस खडक, तिथून जवळच आहे पण मेमध्ये वर बर्फ असतो, गाईडशिवाय जायचं नसतं, आणि पूर्ण दिवसाची चढाई आहे, आमचा तो विषयच नाही. दुसरी चक्कर आयफ्योर्डच्या वर व्योरिंग्सफॉसेनला, एकूण १८२ मीटरचा धबधबा आणि त्याच्या डोक्यावर २०२० साली बांधलेला पायऱ्यांचा पूल, ९९ पायऱ्या. बाबांचे गुडघे पाहता ते पुलाच्या अलीकडच्या बाजूलाच थांबतील, तिथूनही दिसतं.

हार्डांगर ब्रिजवरून मला एकदा तरी जायचंय. २०१३ ला सुरू झाला, मधला झुलता भाग १३१० मीटरचा, आणि गंमत अशी की पूल संपला की रस्ता सरळ डोंगरात घुसतो आणि डोंगराच्या पोटात गोल चौक आहे, निळ्या लाईटचा. बोगद्याच्या आत सर्कल! पोरगी हा व्हिडिओ रोज पाहते.

ड्रायव्हिंगची तयारी सांगतो कारण हे गंभीर आहे. तिथे गाडी उजवीकडून चालते आणि स्टेअरिंग डावीकडे. मी वीस वर्षांपासून बोलेरो आणि ट्रॅक्टर चालवतो, तरी ही सवय हाताला नाही, म्हणून ऑटोमॅटिक गाडी घेणार म्हणजे निदान गिअर शोधायचं टेन्शन नको. चुलतभावाची ऑटोमॅटिक घेऊन मी दोनदा सेमाडोहच्या रस्त्यानं जाऊन आलो. दिवसाही हेडलाईट चालू ठेवणं सक्तीचं आहे. रक्तातल्या दारूची मर्यादा अगदी कमी, ०.२ प्रति हजार, आमच्यात कोणी घेत नाही पण घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. टोलनाक्यावर थांबायचं नसतं, कॅमेरा नंबरप्लेट वाचतो आणि बिल भाड्याच्या गाडीच्या कंपनीमार्फत नंतर येतं, तेव्हा परत आल्यावर कार्डवर पैसे कटले तर घाबरू नका. अरुंद रस्त्यांवर मध्येमध्ये एम लिहिलेली निळी पाटी असते, ती समोरच्याला वाट द्यायची जागा. तिथे ज्याला थांबता येतं तो थांबतो. तो नियम मला फार आवडला.

तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत आता दहातल्या नऊहून जास्त इलेक्ट्रिक असतात, त्यामुळे भाड्यानेही ती सहज मिळते. मी अजून ठरवलं नाही. रोजचं अंतर कमी आहे म्हणून जमेल, पण परक्या देशात चार्जरचं ॲप चाललं नाही तर, हा विचार डोक्यातून जात नाही.

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आपल्याच आरटीओतून मिळतं, फॉर्म ४-ए, फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. म्हणून फार आधी काढू नका. आणि आपलं मूळ लायसन्स सोबत न्यायचंच, नुसत्या परमिटवर भागत नाही. भाड्याच्या गाडीसाठी क्रेडिट कार्ड ड्रायव्हरच्याच नावाचं लागतं, मी आजपर्यंत कार्ड वापरलं नव्हतं, यासाठी घेतलं.

व्हिसाचं जरा मनाला लागलं. एका एजंटनं सरळ सांगितलं, शेतकऱ्याची फाईल अवघड असते, आयटीआरमध्ये उत्पन्न दिसत नाही, नाहीतर आमचं पॅकेज घ्या. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे यात लपवण्यासारखं काय आहे? मी बाहेर पडलो आणि स्वतः फाईल बनवायला घेतली. सातबारा, आठ-अ, त्यांचं इंग्रजी भाषांतर नोटरीसह, बागेच्या सौद्याच्या पावत्या, व्यापाऱ्याकडून बँकेत जमा झालेली रक्कम, बायकोच्या पगाराच्या स्लिपा आणि तिला परदेशात जायला लागणारी खात्याची परवानगी. ती परवानगी आत्ताच मागायला घेतलीय कारण कागद टेबलाटेबलावरून जायला वेळ लागतो. नॉर्वे शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आहे, अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, फी मोठ्यांना ९० युरो आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना निम्मी, आणि किमान ३० हजार युरोचा मेडिकल विमा पाहिजेच. बोटांचे ठसे द्यायला आम्ही मुंबईला जाणार, आईबाबांना समुद्र पण दाखवून होईल.

खाण्याचं आईनं हातात घेतलंय. जवसाची चटणी, तिखट, डाळी, शेवया, ज्वारीचं पीठ. केबिनमध्ये स्वयंपाकघर असतं म्हणूनच केबिन घेतली, हॉटेलात रोज पाच जणांनी जेवायचं म्हणजे आमच्या आवाक्यातलं नाही, एक क्रोन, म्हणजे तिथला रुपया, मी पाहिलं तेव्हा साधारण आठ-नऊ रुपयांना पडत होता. पण युरोपाबाहेरून दूध-मांसाचे पदार्थ नॉर्वेत नेऊ देत नाहीत, म्हणजे तूप नाही, खवा नाही, आणि बटाटेसुद्धा नाही. आईला तुपाचं फार वाईट वाटलं, "मंग पोरीच्या भाकरीले काय लावू?" तिथलं लोणी लावू म्हटलं, चांगलं असतं. रविवारी तिथली बहुतेक किराणा दुकानं बंद असतात आणि मेमध्ये त्यांच्या सुट्ट्याही बऱ्याच, तेव्हा शनिवारी सामान भरून ठेवायचं हे मी वहीत लाल पेनानं लिहून ठेवलंय.

बाबांची एक इच्छा होती ती मात्र मोडावी लागली. त्यांना तिथल्या एखाद्या बागवानाला संत्र्याचं कलम भेट द्यायचं होतं. मी समजावलं की रोप असं नेता येत नाही, रोगराई जाते सोबत, आणि तिकडचीही काडी आणता येत नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "बराबर हाय. कोळशी आपल्याकडे आली तेव्हा कोनं आनली होती, कोनाले मालूम." कोळशी म्हणजे संत्र्याची पानं-फळं काळी पाडणारा रोग.

आता रोज रात्री जेवण झालं की आमचा एक कार्यक्रम असतो. मी लॅपटॉप उघडतो, नकाशातल्या स्ट्रीट व्ह्यूवर जातो आणि किन्सार्विकपासून लोफ्टहुसकडे एकेक क्लिक करत रस्ता पुढे नेतो. उजव्या हाताला फ्योर्ड, डाव्या हाताला चढावर बागा. मी वळणं पाठ करून राहिलो, कुठे अरुंद आहे, कुठे पाटी आहे. बाबा चष्मा लावून शेजारी बसतात आणि त्यांना रस्ता नको असतो. "थांब. मांगं घे. ते झाड मोठं कर." मी झूम करतो. झाडं छातीएवढीच, एकमेकांना खेटून, तारांना बांधलेली.

"येवढे लहान? वय काय असन याईचं?"

मी सांगितलं की ते ठेंगण्या खुंटावरची कलमं लावतात, झाड लहान राहतं, तोडणी हातानं होते, एकरात झाडं जास्त बसतात. बाबांनी स्क्रीनवर बोट ठेवून एक ओळ मोजली, मग दुसरी. आमची बाग अठरा बाय अठरा फुटांवर आहे, त्यांनी स्वतः दोरी धरून आखलेली, मी लहान होतो तेव्हा दुसरं टोक माझ्या हातात होतं.

"दोन ओळीत अंतर किती असन?"

"माहीत नाही बाबा, फोटोवरून कसं कळेल."

ते उठून आत गेले. मला वाटलं झोपायला गेले. थोड्या वेळानं कपाटाचा आवाज आला आणि ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात शेत मोजायचा जुना टेप होता, कातडी डबीतला, पन्नास फुटी. त्यांनी तो पूर्ण बाहेर ओढला, फडक्यानं पुसला, परत गुंडाळला. बॅगा अजून आणल्यासुद्धा नाहीत, जायला चार महिने आहेत. टेप मात्र देवघराच्या फळीवर पासपोर्टांच्या शेजारी ठेवलाय, आणि पोरीला सांगून ठेवलंय की तिकडे गेल्यावर दुसरं टोक तिनं धरायचं.